झरीमायची नोंद

नागपूर, ११ डिसेंबर २०२३

रुपरावमामा,

मोजपट्टी तुमच्या गिरणीतच राहिली. बसने कळमेश्वर सोडल्यावर पिशवीत हात घातला तेव्हा कळलं. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची, वीतभर लांब. फोटोत वस्तूच्या शेजारी ती ठेवली की वस्तू केवढी आहे ते नंतर कोणालाही कळतं. सांभाळून ठेवा.

काल झालं त्यावर मी रागावलेले नाही. देवळात मिनलवहिनी पडदा धरून उभी होती आणि आतून बायजामामी म्हणाल्या, "चेहऱ्याचा काढ फोटो. बाकी नाई." झरीमायचं लुगडं वर्षातून एकदा, चैत्रात, आंघोळीपुरतं सुटतं आणि तेव्हा तुमच्या घरच्या बायांशिवाय आत कोणी नसतं, हे मला आईनं सांगायला हवं होतं. ती लोणझरीची लेक आहे, पण बहुतेक तिलाही ठाऊक नसावं.

मात्र माझ्या नोंदीत बऱ्याच जागा मोकळ्या राहिल्या. जिल्ह्यातल्या देवळांत आणि घरांत असलेल्या जुन्या मूर्ती, मुखवटे, ताम्रपट यांची आम्ही यादी करतो आहोत. चोरी झाल्यावर "आमची देवी गेली" एवढ्यावर काही परत मिळत नाही. कुठली देवी, केवढी, कशाची, कुठे झिजलेली, कुठे मोडलेली, हे आधी लिहिलेलं असावं लागतं. खुणा सगळ्यांत महत्त्वाच्या. धड मूर्ती एकमेकींसारख्या दिसतात. खोट असलेली ओळखू येते.

तेव्हा तुम्ही मला लिहून कळवा. मायची उंची किती? उभी की बसलेली? हात किती, हातांत काय? सोबत लेकरू, वाहन असं काही आहे का? कुठे चीर, तुटफूट, डागडुजी?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मिनलवहिनी म्हणते की पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता. म्हणून पत्र.

तुमची
वैभवी


लोणझरी, १९ डिसेंबर २०२३

चि. वैभवीस आशीर्वाद.

तुझी पट्टी काट्याजवळ खिळ्याला टांगली आहे. दळण घेऊन येणारे विचारतात, हे काय? मी सांगतो, सरकारनं नवीन माप काढलं. देवाजीनं ते खरं मानलं. देवाजी म्हणजे आमच्या पंचांतला मोठा. मोटारसायकलवरून पडला, मांडीत सळई घातली, तेव्हापासून दळण असो नसो, गिरणीत येऊन बसतो. चक्कीच्या आवाजानं माझे कान गेले आणि त्याचे शिल्लक आहेत, त्यामुळे गावच्या बातम्या तो ऐकतो आणि मला हातवारे करून सांगतो.

उत्तरं लिहितो. उंची मुकुटासकट सव्वा फूट, सुतळीनं मोजली. उभी आहे. हात दोन. उजवा दिसतो, आशीर्वादाचा. डावा लुगड्यात. लेकरू नाही. झरीमायचं लेकरू म्हणजे गाव.

तुटफूट विचारलीस. माय अखंड आहे. हे ठळक लिही. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, नदीत शिरवावी लागते, हे तुला नागपुरात राहून माहीत नसेल. आमच्याकडे तसं काही नाही. तरी खात्री म्हणून बायजावहिनीला विचारलं. ती पातेल्यातल्या दुधाकडे पाहत राहिली. नाही म्हणायचं असतं तर म्हणाली असती. बोलण्यात ती कोणाला ऐकत नाही. माझा मोठा भाऊ गेल्यापासून या घरात तिचंच चालतं.

तुझ्या आईला सांग, संत्री यंदा लहान आहेत पण गोड आहेत.

तुझा मामा
रुपराव


लोणझरी, २ जुलै २०२४

चि. वैभवीस,

माय गेली.

सकाळी वहिनी दिवा लावायला गेली तर देवळाच्या दाराचा कोयंडा लाकडासकट उपटलेला. ओट्यावर लुगडं पडलं होतं. मुकुट, चांदीचे डोळे, नथ, सगळं तिथंच. नुसती माय नेली. चांदी सोडून पितळ नेणारा चोर मी पहिल्यांदा पाहिला. देवाजी म्हणाला, "त्याले काय न्याचं ते माहीत होतं."

पोलीस आले, पंचनामा झाला. मूर्तीचं वर्णन विचारलं तेव्हा आम्ही पंच एकमेकांकडे पाहत राहिलो. मी तुझ्या पत्राला दिलेली उत्तरं आठवून सांगितली.

बाया चोरीसाठी रडल्या नाहीत. मायले उघडी नेली, म्हणून रडल्या. वहिनी रडली नाही. तिनं लुगडं उचललं, घडी केली आणि घरी आणून तांदळाच्या डब्यावर ठेवलं.

आता एक लिहितो, जे तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गावात बोललं जातं, देवाजीही म्हणतो, की आधी फोटो गेला आणि मागून माय गेली.

रुपराव


नागपूर, ९ जुलै २०२४

रुपरावमामा,

मिनलवहिनीनं त्याच दिवशी फोन केला होता. चेहऱ्याचा फोटो आणि नोंद मी लगेच पोलिसांना दिली. पुढे ती विमानतळावरच्या आणि बंदरांवरच्या अधिकाऱ्यांकडेही गेली आहे. मूर्ती देशाबाहेर जायला निघाली तर कोणीतरी तो कागद समोर ठेवून पाहील.

फोटोबद्दल. आमची यादी कुठे छापलेली नाही. पण ती कोणाच्याच नजरेला पडली नसेल अशी शपथ मी घेणार नाही. तुमच्याच भागातल्या ज्या दोन देवळांनी आम्हाला उंबरठा ओलांडू दिला नाही, तिथल्या मूर्तीही गेल्या. त्यांच्या तक्रारीत एक ओळ आहे: 'एक जुनी मूर्ती, रंग काळपट.' तुमच्या तक्रारीसोबत निदान एक चेहरा आहे. यापेक्षा जास्त दिलासा माझ्याजवळ नाही आणि खोटा द्यायचा नाही.

देवाजीकाकांना म्हणावं, मी पुन्हा आले तर समोर बसून बोला. मागे बोललेलं मला ऐकू येतं. माझे कान चांगले आहेत.

वैभवी


लोणझरी, १४ ऑक्टोबर २०२४

चि. वैभवीस आशीर्वाद.

नवरात्र झालं. माय नसताना झालं. घट बसवला, पण लोक हात जोडायला ओट्यासमोर यायचे आणि नजर कुठे ठेवावी ते त्यांना कळायचं नाही. वहिनीनं दुसऱ्या दिवशी रिकाम्या ओट्यावर घडी केलेलं लुगडं ठेवलं. मग लोक लुगड्याला हात जोडू लागले.

पंचांनी ठरवलं आहे की चैत्रापर्यंत वाट पाहायची, नाहीतर राजस्थानातून संगमरवरी मूर्ती आणायची. देवाजीनं मोबाइलवर नमुने दाखवले. सगळ्या गोऱ्या, हसऱ्या. वहिनीनं एकेक नीट पाहिली आणि म्हणाली, "ह्या पाहुण्या म्हणून बऱ्या हायेत." देवाजी आठ दिवस गिरणीत आला नाही.

तुझी पट्टी अजून खिळ्यालाच आहे. पीठ बसून पांढरे चौकोन आणि काळे चौकोन सारखेच झाले होते. काल पुसली.

रुपराव


नागपूर, २० जानेवारी २०२५

रुपरावमामा,

बुटीबोरीत एका भाड्याच्या गोदामावर पोलिसांनी छापा घातला. ते गेले होते दुसऱ्याच मालासाठी. सुती चिंध्यांच्या गठ्ठ्यांत मूर्ती निघाल्या. वर कापडाच्या निर्यातीचा शिक्का होता, गठ्ठे बंदराकडे निघायचे होते. ओळख पटवण्यासाठी फोटो आमच्याकडे आले.

तुमच्यापर्यंत ही बातमी वर्तमानपत्रातून पोचेल आणि गाव उठून नागपूरला येईल, म्हणून आधीच लिहिते. मी सगळे फोटो पाहिले, नोंद शेजारी ठेवून. झरीमाय त्यांत नाही. एका मूर्तीपाशी मी थांबले होते. पण उंची कमी भरते आणि बाकीचं वर्णनही आपल्या नोंदीशी जुळत नाही. शिवाय सगळ्या मूर्ती आम्लानं धुतलेल्या आहेत, शेंदूर राहिलेला नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून काही ठरवता येत नाही. 'जुळत नाही' असा अभिप्राय मी दिला आहे.

ज्यांचा धनी सापडणार नाही त्या मूर्ती खटला संपेपर्यंत पोलिसांच्या कोठीत राहतील.

वाईट वाटलं. पण एक गोदाम सापडलं म्हणजे दुसरंही सापडेल.

वैभवी


लोणझरी, २९ जानेवारी २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. मी वाचतो तेव्हा घरात सगळ्यांना ऐकावंच लागतं, कारण मला माझा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. देवाजीही होता. तो म्हणाला, बरं झालं, आता संगमरवराचं पक्कं करू, तारीख पाडव्यानंतरची धरू.

वहिनीनं ताट सरकवलं. मला वाटलं तिला रडू आलं. पण तिनं मिनलकडून पाटीवर लिहून मला एक गोष्ट विचारली: वैभवीनं जी पाहिली ती उघडी पाहिली की लुगड्यात?

मी म्हटलं, चोराच्या गठ्ठ्यात कोण लुगडं नेसवतं! उघडीच असेल. त्यावर ती म्हणाली, मग वैभवी ओळखणार कशी, तिच्या कागदात तर लुगड्यातली आहे.

बाईमाणसाचं डोकं कुठं चालतं बघ. मूर्ती ती मूर्ती. जेवण तसंच टाकून ती उठली. तुला गंमत म्हणून लिहिलं.

रुपराव


नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

बायजामामींस नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावानं आहे. रुपरावमामांनी फोडलं असेल तर त्यांनी ते इथं थांबवून तुम्हाला द्यावं.

तुम्ही विचारलेला प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता.

मामी, मला मायचं वर्णन पाहिजे. लुगड्याशिवायचं. तुम्ही हातानं आंघोळ घालता तेव्हा जे हाताला लागतं ते. सगळं. मी त्या फोटोंत काय पाहिलं ते तुम्हाला सांगता येत नाही. मी सांगितलं आणि मग तुम्ही लिहिलं, तर साहेब म्हणतील की शिकवून लिहवून घेतलं. तुम्ही काही न पाहता लिहिलं पाहिजे. फोनवर बोलू नका. तुमच्या अंगणातला फोन अख्खी आळी ऐकते. आणि सही असलेला कागदच लागतो.

एक गोष्ट लपवत नाही. तुम्ही लिहाल ते न्यायालयात जाईल. पंच वाचतील. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मी देऊ शकत नाही.

न लिहिण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. तुम्ही लिहिलं नाही तर मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही.

पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलं आहे.

वैभवी


लोणझरी, ता. १० फेब्रुवारी

वैभवी पोरीले बायजाबाईचा आशीर्वाद.

म्या चौथी पावेतो शिकली. लिवाची सवय नाई. समजून घेशीन.

पत्र भाऊजीनं फोडलं होतं. तुहं नाव पाहून फोडलं. पहिली ओळ वाचली अन् माह्या हाती देल्लं. मंग बाहेर जाऊन बसले. तेवढं चांगलं केलं.

माय आमच्या हातात असते तवा तिच्या कडेवर लेकरू हाये. डाव्या हातानं धरलं हाये. गावातल्या एकाही माणसाले हे माहीत नाई. भाऊजीले नाई. माह्या मालकाले पण नव्हतं.

तो डावा हात कोपराच्या वर तुटला होता. माह्या सासूच्याही आंधीची गोष्ट हाये. कोनाच्या हातून पडली ते बाया सांगत नाईत, अन् म्या पण विचारलं नाई. बायांनीच ओटीत घालून मायले तांबटाकडे नेलं अन् जोडून आनलं. दोन खिळे हायेत तांब्याचे. येक पुढून, येक मांगून. मांगचा जरासा वर आला हाये. आंग पुसतांनी फडकं त्याले अटकते. दरसाल अटकते. मिनलले म्या सांगतलं, तिथं हलक्या हातानं पूस, मायले दुखते.

लेकराच्या पायाचा आंगठा झिजून गेला हाये. जिले पोर होत नाई ते बाई आंघोळीच्या दिवशी तिथं बोट लावते. म्या लय वर्सं लावलं.

तू म्हनशीन काहून लपवलं. भंगली म्हनून कळलं असतं तर त्याच वर्सी शिरवली असती. इतक्या बायांनी येकीच्या मांगे येक हा हात झाकून ठेवला. तू आली तवा म्या तुले चेहराच देल्ला. भाऊजीनं विचारलं तवा म्या दुधाकडे पाह्यलं. आता लिवून राहिली.

न लिवीन तं ते कोठीत राहीन, चोरीच्या सामानात. लिवीन तं घरी येईन, अन् मंग हेच लोक तिले नदीवर नेतीन. म्या दोन्ही इचार केले. कोठीत कोनी तिले आंघोळ नाई घालनार. घरी आली तं निदान भांडता येईन.

तू पाह्यली ते हेच होये का, ते मले सांगू नको आताच. आंधी नीट पाह्य.

बायजाबाई
(सही केली हाये, आंगठा नाई.)


नागपूर, १४ मार्च २०२५

रुपरावमामा,

झरीमाय सापडली. मी थांबले होते तीच.

बायजामामींचं पत्र आलं तसं मी ते पोलिसांकडे नेलं. त्यांनी कोठी उघडली. फोटो फक्त समोरून काढलेले होते. त्यांत लेकरू आणि पुढचा खिळा दिसत होता, पण पाठीमागचं काहीच नाही. तपास अधिकारी म्हणाले, पत्रात मागच्या खिळ्याचं लिहिलं आहे, पाहू. मला मूर्ती हातात घेऊ दिली. मी रुमाल काढला आणि डाव्या दंडाच्या मागून फिरवला. अडकला.

अधिकाऱ्यांनी स्वतःचा रुमाल फिरवून पाहिला. त्यांचाही अडकला.

उंची का जुळली नाही तेही कळलं. तुम्ही सुतळी मुकुटापासून धरली होती. चूक तुमची नाही. 'अखंड, बालक नाही' हे मी पाहिलेलं नव्हतं, तुम्ही सांगितलेलं होतं, आणि नोंदीत मी ते पाहिल्यासारखं लिहिलं. आता आमच्या कागदावर दोन वेगळे रकाने केले आहेत, पाहिलेलं आणि ऐकलेलं.

न्यायालयानं मूर्ती देवळाकडे सोपवायला परवानगी दिली आहे. त्यासाठी सुपूर्दनामा लिहून द्यावा लागेल, तुमच्या आणि देवाजीकाकांच्या सहीनं. त्यात मूर्तीचं वर्णन असेल: 'कडेवर बालक. डावा हात भग्न, तांब्याच्या दोन खिळ्यांनी जोडलेला.' खटला चालू असेपर्यंत मूर्ती जपायची, बोलावलं की हजर करायची. म्हणजे सही केली तर शिरवता येणार नाही. आणि ती भंगलेली आहे हे तुम्ही दोघांनी स्वतःच्या हातानं मान्य केलेलं असेल.

सही करायची नसेल तर ती संग्रहालयाच्या साठवणीत जाईल. तिथं ती सुरक्षित राहील. मी तिला वरचेवर पाहीनही. पण तिला आंघोळ घालणारं तिथं कोणी नाही.

काय करायचं ते गावानं ठरवावं. मामींवर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी लांब आहे.

वैभवी


लोणझरी, २३ मार्च २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

पत्र या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. दोनदा वाचलं आणि वहिनीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "लेकरू मुलगा की मुलगी?" तिनं सुपातून मान वर केली नाही. पाटी घेतली आणि लिहिलं, "पोरगी." मी इतकी वर्षं मायसमोर हात जोडतो आहे आणि मला तिच्या घरात किती माणसं आहेत ते माहीत नव्हतं. राग आला. दोन दिवस होता. मग दळणाची गर्दी झाली.

सभा देवळासमोर भरली. देवाजीनं तुझं पत्र वाचलं. 'भग्न' हा शब्द आला तशी कुजबूज झाली असावी, कारण सगळ्यांचे ओठ हलले. माझ्या गिरणीवर दळण आणणारा विश्वनाथ उठला. म्हणाला, भंगलेल्या देवीची पूजा करून आपण इतकी वर्षं काय मिळवलं ते आता कळलं. देवाजी म्हणाला, सही करायची म्हणजे गावानं खोट पदरात घ्यायची. संगमरवरी मूर्ती ओट्यावर बसवू, जुनी संग्रहालयात सुखानं राहू दे.

वहिनी बायांमधून उठली. ती काय बोलली ते मिनलनं नंतर लिहून दिलं. ती बोलताना मी फक्त तिचं तोंड पाहत होतो आणि देवाजीचं पडत जाणारं. ती म्हणाली, "देवाजी, तू पडला तवा तुह्या मांडीत सळई टाकली. घरच्यांनी तुले परत आणलं, खाटेवर निजवलं, हागणं-मुतणं काढलं. तवा कोणी म्हटलं का, हा भंगला, याले शिरवा?"

देवाजी आपल्या मांडीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "माहा रॉड स्टीलचा हाये. मायचा तांब्याचा. बरोबरी कायले लावतं वं माही तिच्यासंग?"

आधी बाया हसल्या. मग सगळेच. मीही हसलो, का ते कळायच्या आधी.

सही शुक्रवारी केली. देवाजीनं माझ्या आधी केली. 'भग्न' शब्दावर त्यानं थोडा वेळ बोट ठेवलं होतं. राजस्थानला निरोप गेला की मूर्ती नको.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. विश्वनाथ सभेतून निघून गेला आणि त्याच्यासोबत आणखी दोन घरं. तो देवळात येणार नाही म्हणतो. दळणसुद्धा आता दुसरीकडे नेतो. त्याची आई मात्र काल मागच्या दारानं आली होती, माय कधी येते ते विचारायला.

रुपराव


लोणझरी, ९ एप्रिल २०२५

चि. वैभवीस आशीर्वाद.

आज माय आली.

पोलिसांच्या गाडीतून मी आणि देवाजी सोबत आलो. तिला खोक्यात ठेवलं होतं. देवाजीनं पायांमध्ये खोका धरला, सळईचा पाय लांब करून. कळमेश्वरच्या फाट्यावर चालकानं चहासाठी गाडी थांबवली तर हा उतरला नाही. मी त्याचा चहा खिडकीतून दिला.

गावाच्या शिवेवर बाया उभ्या होत्या. वहिनीनं गाडीतच खोक्यात लुगडं सारलं आणि मायला त्यात गुंडाळून बाहेर काढलं. आम्ही कोणीच काही पाहिलं नाही. पाहायचा प्रयत्न कोणी केला नाही, हेही लिहितो.

आंघोळ उद्या सकाळी आहे. परक्यांचे हात लागले, शिवाय चैत्र आहेच. तू वर्ध्याकडे कामावर असल्यानं येऊ शकत नाहीस हे मिनलनं सांगितलं. तुझी नोंद पूर्ण करायची आहे, हेही सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही. नंतर गिरणीत आली, खिळ्यावरची पट्टी काढली, पदरानं पुसली आणि घेऊन गेली.

पाकीट बंद करत नाही. उद्या काय होतं ते लिहूनच टाकतो.

१० तारीख, सकाळ. पडदा लावला होता. धरायला एक हात कमी पडत होता, कारण मिनल कॅमेऱ्याचा फोन घेऊन आत होती. वहिनीनं मला बोलावून पडद्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि माझं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मी उभा राहिलो. मला आतलं काही ऐकू येत नाही, ते या वेळी उपयोगी पडलं. थोड्या वेळानं पडदा आतून दोनदा ओढला गेला. उजेड कमी पडत असेल. मी उगवतीकडची बाजू वर उचलून धरली आणि रस्त्याकडेच पाहत राहिलो.

रुपराव